तिसरा सर्व्हर हजर होता

नोकरी सोडल्यापासून लग्नाकार्यात एक प्रश्न हमखास येतो: "ताई, तुम्ही कंप्युटरवर नक्की करायच्या काय?" पंचवीस वर्षं मी बदनापूरहून रेल्वेनं जालन्याला जाऊन-येऊन नोकरी केली, पण माझ्या सख्ख्या जावेलाही ते अजून कुणाला सांगता येत नाही. मी म्हणते, हजेरी घ्यायचे. मग लोकांना वाटतं मी शाळेत होते.

आमच्या शेठचा मोबाइल स्टार्टरचा धंदा. विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरला एक डबी जोडायची, डबीत सिमकार्ड. शेतकऱ्यानं घरी बसून फोनवर हिरवं बटण दाबलं की तो आदेश आमच्या सर्व्हरकडे येतो, सर्व्हर तो डबीला कळवतो आणि दोन किलोमीटरवर मोटर सुरू होते. सर्व्हर म्हणजे कायम चालू ठेवलेला संगणकच, दुसरं काही नाही. आमच्याकडे असे तीन होते. त्या तिघांच्या पुढे आणखी एक बसवलेला, येणारं काम तिघांत वाटून देणारा. त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. मी त्याला मुकादम म्हणायचे आणि शेठसकट सगळं ऑफिस तसंच म्हणायला लागलं.

मुकादमाला काम वाटण्याआधी कळायला हवं की आज कोण हजर आहे. म्हणून तो दर दहा सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला विचारतो, आहेस का? सर्व्हरनं ‘ठीक’ म्हटलं की त्याला काम. लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही की तो बाहेर, आणि पुन्हा दोनदा नीट बोलला की आत. ह्या विचारपुशीला आमच्या धंद्यात हेल्थ चेक म्हणतात. काय विचारायचं, किती वेळानं विचारायचं आणि कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवायचा, हे ठरवणं माझं काम होतं. आमच्या पडद्यावर तिघांचे तीन ठिपके असायचे. बाहेर असला की लाल, आत असला की हिरवा.

सुरुवातीला मी प्रश्न खोल ठेवला होता. ‘ठीक’ म्हणण्याआधी सर्व्हरनं आपल्या आत बघायचं, नोंदींच्या वह्या उघडतात का, डब्यांकडे जाणारी वाट मोकळी आहे का, आणि मगच बोलायचं. अगदी शिस्तीचं काम. मग एका सकाळी सिमकार्डांची वाट दोन मिनिटं मंदावली. तिघांनी आत बघितलं, तिघांना वाट अडलेली दिसली, तिघंही गप्प बसले आणि मुकादमानं एकदमच तिघांना घरी पाठवलं. वाट दोन मिनिटांत सुटली, पण सगळं पूर्ववत व्हायला तास गेला. तेवढ्या वेळात तालुक्या-तालुक्यांतून शिव्यांचे फोन आले. तीर्थपुरीच्या एका आजोबांनी तेवढं गोड आवाजात विचारलं, "काय मॅडम, तिन्ही सर्व्हर एकाच लग्नाला गेले का?"

शेठ त्या दिवशी माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. मीही चिडले आणि हेल्थ चेक सोपा करून टाकला. आत बघायचं नाही, काही नाही. विचारलं की ‘ठीक’ म्हणायचं. चार दिवसांपुरतं करते, मग नीट लिहीन, असं वहीत लिहूनही ठेवलं. त्या चार दिवसांचे आठ महिने झाले. पडद्यावर तीन हिरवे ठिपके, शेठ खूश, मी खूश. सोय कुणाला नको असते?

माघातली गोष्ट. दुपारचे बारा वाजले असतील. फोन वाजला.

"मॅडम, केदारखेड्याहून भानुदास बोलून राह्यलो. तुमची मोटर मानसं मारायला निंघाली."

असे फोन आम्हाला नवे नव्हते. मी म्हटलं, "भाऊ, सावकाश सांगा."

आदल्या दिवशी सकाळी ते त्यांच्या थोरल्या भावाच्या विहिरीत उतरले होते. मोटर तळाशी, तिचा दोर सैल झालेला, तो आवळायचा होता. स्टार्टरचं लाल बटण दाबून गेले होते. फ्यूज काढला नव्हता. आपल्याकडे पाच मिनिटांच्या कामाला कुणीच फ्यूज काढत नाही, बटण दाबलं म्हणजे झालं. छातीएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी मोटरीवर हात ठेवला आणि ती हाताखालीच सुरू झाली. कसे वर आले ते त्यांनाही आठवत नव्हतं.

"कुणी चालू केली?" आमच्या ऑफिसातला हा पहिला प्रश्न. नव्वद टक्के भुतं इथंच उतरतात. घरातल्या कुणीतरी बटण दाबलेलं असतं.

"तेच तर इचारून राह्यलो. डबी एकट्या दादाच्याच फोनला जोडेल हाय. अन् दादाला जाऊन आज बावीस दिवस झाले."

मी नाव विचारलं. रंगनाथ. पडद्यावर त्यांचं खातं उघडलं. नावाखाली आदेशांची यादी होती: मोटर चालू, मोटर चालू, मोटर चालू. प्रत्येक ओळीपुढे त्यांचाच फोन. तारखा सगळ्या गेल्या तीन आठवड्यांतल्या. एक तर तेराव्याच्या दिवशीची, दुपारी पंगत बसली असेल त्या वेळची. माझ्या मानेवर काटा आला.

"त्यांचा फोन कुणाकडे आहे?"

"वहिनीनं पेटीत ठेवलाय. बंद हाय. सीमबी काढून घेतलं मी."

"जरा हातात घेऊन बघता?"

पेटीची कडी वाजली. "हातात हाय मॅडम. बिलकुल मेलेला हाय, उजेडबी न्हाई..."

ते बोलत होते आणि माझ्या पडद्यावर यादीत सगळ्यात वर एक नवी ओळ आली. रंगनाथ, मोटर चालू. वेळ त्याच मिनिटाची. मी काही बोलायच्या आत भानुदास गप्प झाले. मग फोनमधून मला पाण्याचा आवाज ऐकू आला. त्यांच्या विहिरीची पाइपलाइन घरामागच्या हौदात येते, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच ऐकू आलं की कुठंतरी पाणी पडायला लागलंय.

तासाभरात शेठ आणि मी जीपमध्ये होतो. शेठ म्हणत होते की कुणीतरी चोरून खातं वापरतंय. मी म्हणत होते की असेल. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मी देवधर्म बेताचाच करणारी बाई. पण संगणकाची नोंद खोटं बोलत नाही, ह्यावर माझी पंचवीस वर्षं उभी होती, आणि ती नोंद म्हणत होती की माणूस गेलेला नाही.

गव्हाच्या कडेला घर, घरामागे हौद. विहीर तिथून दीड किलोमीटरवर, नाल्यापलीकडे नदीकाठी. नाला उतरून चढावा लागतो. रंगनाथरावांच्या छातीचं दुखणं निघाल्यावर डॉक्टरांनी तो चढ बंद करायला सांगितलं होतं. म्हणून तर त्यांनी आमची डबी बसवली होती. गेले त्या दिवशी बांधावर चक्कर येऊन पडले ते विहिरीच्या अलीकडे शंभर पावलांवर. भानुदासना ते दुपारी सापडले.

भानुदास विहिरीवर जाऊन मोटर बंद करून आले होते. रंगनाथरावांच्या पत्नी मंदाबाई ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. पन्नाशीच्या असतील. आमच्याकडे बघून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि आम्ही काही म्हणायच्या आधीच सांगितलं, "डबी काढायची न्हाई."

भानुदास म्हणाले, "वहिनी, मी काल मेलो असतो."

"तुम्ही त्येन्ला न सांगता काहून उतरले, भाऊजी?"

त्या हे सहज म्हणाल्या, आत बसलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं. भानुदास माझ्याकडे बघायला लागले आणि मी सुपातल्या गव्हाकडे.

"गव्हाला पाळी कवा द्याची ते त्येन्ला बराबर ठावं हाय," मंदाबाई मला म्हणाल्या. "दोन-चार दिस झाले की पाणी सोडतेत. मी हौदापाशी जाऊन बसते. लाईट गेली की जातेत मंग."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी कुंकवाची बोटं उठवली होती. मोटर सुरू झाली त्या त्या दिवशी एक बोट. मी मोजली, आठ होती. माझ्या यादीतही आठ ओळी होत्या. आजचं बोट अजून ओलं दिसत होतं.

शेठनी समजूत घालून पाहिली. डबी राहू द्या, पण आम्हाला दोष सापडेपर्यंत फ्यूज तरी काढतो म्हणाले. उद्या कुणी लेकरू विहिरीत उतरलं तर काय? लेकराचं नाव काढल्यावर मंदाबाईंनी हट्ट सोडला आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. शेठ आणि भानुदास विहिरीकडे गेले आणि मी ओट्यावर लॅपटॉप उघडला.

मी नोंदी चाळत होते आणि त्या पुन्हा गहू निवडत होत्या. मधूनच हात थांबायचा आणि त्या हौदाच्या दिशेनं कान द्यायच्या. मग मीही कान द्यायचे. फ्यूज निघाला होता, पाणी येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी द्यायचे.

आठही आदेश गेले होते ते तिसऱ्या सर्व्हरकडून. पडद्यावर तिसरा हिरवा होता. तो आठ महिने हिरवाच होता, एकदाही लाल झाला नव्हता, आणि इतकं निरोगी कुणी नसतं हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ऑफिसातल्या यादीत आदेश पाठवल्याची वेळ दिसते. आदेश आला कधी, हे प्रत्येक सर्व्हर आपल्या स्वतःच्या वहीत लिहितो. ती सहसा कुणी उघडत नाही. मी तिसऱ्याची वही उघडली.

तिसऱ्याची डब्यांकडे जाणारी वाट कितीतरी दिवस अडलेली होती. तो आदेश घेत होता, ‘आदेश मिळाला’ असं फोनवर कळवत होता, आणि रांगेत ठेवून देत होता. चार-दोन दिवसांनी वाट क्षणभर मोकळी व्हायची, तेवढ्यात एखाददुसरा आदेश निसटून पुढे जायचा. बाकीचे तसेच पडून. मुकादम दर दहा सेकंदांनी विचारत होता आणि तिसरा सांगत होता, ठीक. प्रश्न मीच तसा करून ठेवला होता.

म्हणजे अशा मोटरी इतरांच्याही सुरू होत असणार. नंतर मी तपासलं, होतच होत्या. पण मोटर वेळेवर लागली नाही की लोक नेटवर्कला शिव्या देत आणि चहा पिऊन पुन्हा बटण दाबत, तोवर मुकादमानं त्यांना दुसऱ्या सर्व्हरकडे दिलेलं असायचं. न थांबता दाबत राहणारा फोन मात्र तो त्याच सर्व्हरकडे ठेवतो. आणि मोटर भलत्या वेळी लागली की घरातल्या घरात भांडण. पोरानं दाबलं असेल, भावानं दाबलं असेल. ज्या घरात संशय घ्यायला माणूस होता तिथं कुणी आमच्याकडे आलंच नाही.

रंगनाथरावांच्या नावाचे आदेश त्या वहीत अकरा होते. सगळे एकाच दिवसाचे, बावीस दिवसांपूर्वीचे. पहिला सकाळी दहा वीसला. मिनिटाभरानं दुसरा. मग पाच मिनिटं काही नाही. दहा सव्वीसला एकाच मिनिटात तीन, जोरजोरात दाबल्यासारखे. पुन्हा खंड. मग सुटे सुटे चार. शेवटचे दोन दहा अठ्ठावन्नला, लागोपाठ. त्यानंतर काही नाही.

"त्या दिवशी ते विहिरीकडे किती वाजता निघाले?" मी विचारलं.

"अकराला. मोटर लागून न्हाई राह्यली म्हणले, जाऊन बघतो. मी म्हणलं भाऊजी येतीन, ते जातीन. तर म्हणले लाईट जाईल तोवर."

मी पडद्याकडे बघत बसले. एका माणसाची शेवटची अडतीस मिनिटं माझ्या मांडीवर होती, त्याच्या स्वतःच्या बोटांनी लिहिलेली. दर वेळी त्याला उत्तर मिळालं होतं: आदेश मिळाला.

शेठ परत आले, माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी वाचलं. त्यांना सगळं कळलं. मला ओट्यावरून खाली घेऊन हळूच म्हणाले, "नेटवर्कचा प्रॉब्लेम होता म्हणून सांगू. डबी बदलून देऊ, फुकट. बाकी सांगून त्यांचं काय भलं होणार आहे?"

शेठ वाईट माणूस नाहीत. आणि ‘नेटवर्क’ हा शब्द मीही आयुष्यात हजारदा वापरला आहे, सर्दीवर सुंठ द्यावी तसा. त्या दिवशीही जिभेवर आला होता. पण नेटवर्क म्हटलं असतं तर मंदाबाईंनी मान हलवली असती आणि हौदापाशी जाऊन बसल्या असत्या. उद्या आणखी कुठल्या बिघाडानं मोटर लागली असती तरी बसल्या असत्या. तेवढं मला सोसवेना.

मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं. मुकादम, हजेरी, अडलेली वाट, आणि तो प्रश्न मी सोपा केला होता ते. आडवळण न घेता सांगितलं. भानुदासना ते निम्मं कळलं असेल. ते पेटले, उठून उभे राहिले, शेठ मध्ये झाले. मंदाबाईंना मात्र सगळं कळलं होतं.

"म्हंजी त्यांनीच दाबलेलं हाय," त्या म्हणाल्या. "तवाचं."

"हो."

"किती बार?"

"अकरा."

त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. हिशेब त्यांनी माझ्याआधी केला. "मंग तीन राह्यले."

तीन राहिले होते. मी म्हटलं, ते पुसावे लागतील, तसे ठेवता येणार नाहीत. त्या म्हणाल्या, पुसा, पण एक सोडा. आत्ता, माझ्यासमोर. शेठ नको म्हणत होते. भानुदास नाल्याकडे चालायला लागले, फ्यूज बसवायला. अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला की विहिरीत कुणी नाही, सोडा.

मी तिसऱ्याची वाट हातानं मोकळी केली आणि रांगेतला पुढचा आदेश सोडला. दहा चौपन्नचा होता तो. पडद्यावर ओळ आली: रंगनाथ, मोटर चालू. मला कारण माहीत होतं, सोडणारी मी होते, तरी त्या ओळीकडे बघून माझ्या अंगावर पुन्हा तोच काटा आला. थोड्या वेळानं पाइप आधी नुसता खाकरला, त्यातून हवा आली, मग पाणी आलं. लख्ख ऊन होतं. मंदाबाई हौदाच्या कठड्यावर बसून होत्या, हात पाण्याखाली धरून. लाईट जाईपर्यंत त्या उठल्या नाहीत आणि आम्हीही हललो नाही.

उरलेले दोन मी त्यांच्यासमोर पुसले. आठवड्याभरात हेल्थ चेक नीट लिहिला. आता सर्व्हर आत बघून बोलतो, मुकादम तिघांना एकदम बाहेर काढत नाही, आणि तासाभरात पोचला नाही तर आदेश आपोआप मरतो. हे सगळं आठ महिन्यांपूर्वी दोन दिवसांचं काम होतं. नोकरीतलं माझं सगळ्यात चांगलं काम तेच आहे आणि त्याचं मला कधी कौतुक वाटलेलं नाही.

त्या दिवशी निघताना मंदाबाईंनी चहा केला. भानुदास आमच्याशी बोलत नव्हते, चहा मात्र त्यांनी घेतला. मला वाटत होतं की ह्या बाईनं मला चार शब्द सुनावावेत, म्हणजे मला जीपमध्ये बसता येईल. त्यांनी एवढंच विचारलं, "ते दाबून राह्यले व्हते, तवा तुमचं मशीन तुम्हाला काय सांगत व्हतं?"

"ठीक आहे म्हणून सांगत होतं," मी म्हटलं. "मी त्याला पुढचं काही विचारलं नव्हतं."

त्यांनी माझ्या हातातली बशी घेतली. "सकाळी च्या देताना मीबी इचारलं व्हतं, आज बरं वाटून राह्यलं का म्हून. चेहरा उतरेल व्हता त्यांचा. ठीक हाय म्हणले. मीबी पुढचं काई न्हाई इचारलं, बाई."

आणि बशा घेऊन त्या आत गेल्या.